मदत हवी आहे: क्लाउड एआयचं पहिलं प्रमाणपत्र कोणतं घ्यावं?

नमस्कार मंडळी,

मी सोलापूरची, बी.कॉम. झालेली. चिंचोली एमआयडीसीत टॉवेल निर्यात करणाऱ्या एका कारखान्यात ऑर्डर आणि डिस्पॅच बघते. खरेदीदारांच्या ऑर्डरी पीडीएफमध्ये येतात, प्रत्येकाचा तक्ता निराळा. साइज, जीएसएम (कापडाचं दर चौरस मीटरचं ग्रॅममधलं वजन), रंग, नग, पॅकिंग सगळं वाचून एक्सेलमध्ये भरायचं. कोडिंग येत नाही, पिव्होट आणि लूकअपवर मात्र हात बसलाय.

आता पुढचं शिकायचंय, म्हणजे क्लाउड एआय: मोठ्या कंपन्यांच्या सर्व्हरवरची, इंटरनेटवरून वापरायची एआय साधनं. आमच्याकडे शिकलेलं पोर पुण्याला जातं हे ठरलेलंच, पण मला घर सोडता येणार नाही. इथे राहून काम वाढवायचंय, जमलं तर घरून करता येईल अशी नोकरी बघायचीय.

दोन परीक्षांची माहिती काढली. मायक्रोसॉफ्टची 'अ‍ॅझ्युर एआय फंडामेंटल्स' (अ‍ॅझ्युर म्हणजे त्यांची क्लाउड सेवा) आणि एडब्ल्यूएसची, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउड सेवेची, एआय प्रॅक्टिशनर. उत्तीर्ण व्हायला दोन्हीकडे १००० पैकी ७०० गुण. एडब्ल्यूएसची ६५ प्रश्नांची, ९० मिनिटांची, फी १०० डॉलर आणि वर कर. प्रमाणपत्र ३ वर्षं चालतं. मायक्रोसॉफ्टच्या या पातळीच्या प्रमाणपत्राला मुदत नाही. निवड कशावरून करायची ते मात्र कळेना. माझ्या पगारात फी वाया घालवणं परवडणार नाही.

शिवाय शाळा मराठी माध्यमाची. इंग्रजी समजतं, पण वाचायला वेळ लागतो. एकाने 'डंप'ची, म्हणजे परीक्षेतून फुटलेल्या प्रश्नोत्तरांची, पीडीएफ देऊ केली आहे, तेच पाठ कर म्हणतो. मन तयार होत नाही. आणि खरंच विचारते, या कागदाने नोकरीत फरक पडतो का?

प्रतिसाद १

ताई, मायक्रोसॉफ्टची परीक्षा आधी करा. तुमचं रोजचं कामच तिच्या अभ्यासक्रमात आहे. कागदपत्रातून मजकूर आणि तक्ते उचलणारी 'डॉक्युमेंट इंटेलिजन्स' नावाची सेवा त्यात येते. तिच्या मोफत स्तरावर महिन्याला ५०० पानं मिळतात, पण एका फाइलची पहिली दोनच पानं वाचली जातात. जुन्या ऑर्डरी त्यात टाकून बघा. जीएसएमचा रकाना बरोबर येतो का, रंगांची नावं कुठे चुकतात, ते लिहून ठेवा. मालकांची परवानगी आधी घ्या. खरेदीदाराचं नाव आणि दर झाकूनच फाइल चढवा. अ‍ॅझ्युरचं खातं उघडताना कार्ड लागतं, म्हणून खर्च वाढला की कळवणारी बजेटची सूचना लावून ठेवा.

नुसत्या प्रमाणपत्रावर कुणी नोकरी देत नाही, हे स्पष्ट सांगतो. पण 'आमच्या ऑर्डरी मी अशा वाचून घेतल्या, इतक्या ठिकाणी चुकल्या' असं मुलाखतीत दाखवलंत, तर बोलणं वेगळं होतं. कापड व्यवसायातली माहिती तुमच्याकडे आहेच, ती हिंजवडीतल्या पोराकडे नसते.

डंपला हात लावू नका. पकडलं गेलं तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकतं, आणि पाठ केलेलं कामावर उपयोगी पडत नाही. मायक्रोसॉफ्ट लर्न या त्यांच्या शिकवणी संकेतस्थळावर धडे आणि सराव चाचणी दोन्ही मोफत आहेत. पैसे भरण्याआधी परीक्षेचा चालू क्रमांक अधिकृत पानावर बघा, कारण या परीक्षा बदलत असतात.

प्रतिसाद २

इंग्रजीबद्दल: परीक्षा आपल्या भाषेत नसेल तर मायक्रोसॉफ्टकडे ३० मिनिटं जादा मागता येतात. एडब्ल्यूएसकडेही इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांना ३० मिनिटं मिळतात. अर्ज नोंदणीच्या आधी करायचा, नंतर नाही. मीही मराठी माध्यमातलाच; त्या अर्ध्या तासाने जीव शांत राहतो.

एडब्ल्यूएस दुसऱ्या टप्प्यात घ्या. तिथे जनरेटिव्ह एआय (नवा मजकूर, चित्रं तयार करणारी एआय) आणि तिच्या मुळाशी असलेली मोठी 'फाउंडेशन मॉडेल' यांवर निम्म्याहून जास्त भर आहे, ही मॉडेल वापरायला देणारी एडब्ल्यूएसची 'बेडरॉक' सेवा नीट समजून घ्यावी लागते.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार, दादा. मालकांशी उद्याच बोलते. एकच शेवटचं: परीक्षा घरून द्यावी का? आम्ही पूर्व भागात राहतो, शेजारी दिवसभर माग चालतात, वीजही मध्येच जाते.

प्रतिसाद २

मग घरून नको. घरून देताना खोलीत तुम्ही एकट्याच हव्यात, टेबल रिकामं हवं, कॅमेरा सतत चालू लागतो. कुणी आत डोकावलं तरी परीक्षा थांबवू शकतात. नोंदणी करताना 'परीक्षा केंद्र' निवडा, पत्ता टाकला की जवळची केंद्रं दिसतात. आणि ओळखपत्रावर जसं नाव आहे, अक्षरन् अक्षर तसंच नोंदवा.