फोरग्राउंडला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : फोटोग्राफीच्या वर्गासाठी मराठीत टिपणं काढतोय. बॅकग्राउंडला 'पार्श्वभूमी' आहे, फोरग्राउंडला काय? 'अग्रभूमी' लिहिलं की मुलांना रणभूमी आठवते. वाक्य असं आहे : 'दिवे घाटात डोक्यावर तुळस घेतलेली बाई फोरग्राउंडला घ्या, मागे घाट चढणारी दिंडी दिसू द्या.'

— 'अग्रभूमी' बरोबर आहे, 'पुरोभूमी'ही चालेल. 'अग्रभाग' मात्र नको, तो वस्तूचा असतो, चित्रातल्या जागेचा नव्हे. शिवाय त्याला जोड म्हणून कुणी 'पार्श्वभाग' लिहिलं की वर्ग आटोपलाच!

— पण ही दोन्ही नावं जागेची झाली. तिथल्या वस्तूचं काम काय, ते त्यातून कळत नाही. तुळसवाली बाई चित्राला खोली देते, म्हणजे जवळ-लांबचं अंतर दाखवते. २४ मिमीची (रुंद दृश्य टिपणारी) लेन्स लावून तिच्यापासून तीन-चार फुटांवर उभं राहिलं की ती मोठी दिसते आणि मागची दिंडी मुंग्यांच्या रांगेएवढी. घाट किती लांब आहे ते त्या फरकातून कळतं. इथे 'पुढे घेणे' पुरेसं आहे. वाड्याच्या दिंडीदरवाजातून अंगण टिपलं तर दरवाजा 'महिरप' झाला; हा शब्द असताना 'फ्रेममध्ये फ्रेम' कशाला? आणि पुढचे खांदे, पताका धूसर ठेवून मागचा वीणेकरी टिपला, तर 'आडून काढला' म्हणा.

— मालिकांच्या सेटवर समोरच्या नटाचा खांदा कडेला ठेवतात, त्याला 'सजेशन' म्हणतात. 'जरा सजेशन दे' म्हटलं की तो कॅमेऱ्याकडे पाठ करून उभा राहतो.

— जपानी चित्रकार हिरोशिगेचं १८५७ सालचं कामेइदोच्या प्लमबागेचं चित्र यांपैकी कशात बसवणार? झाडाचं खोड इतकं पुढे की फांद्या चौकटीबाहेर कापल्या गेल्यात, आणि माणसं पार मागे, इवलीशी. व्हॅन गॉगनं १८८७ मध्ये ते तेलरंगात उतरवलं. 'आडून' म्हणावं तर खोड धूसर नाही, महिरप तर नाहीच.

— धूसर असायलाच हवं असं कुठाय? आडून म्हणजे आडून.

प्रश्नकर्ता : वाक्य बदललं : 'तुळस घेतलेल्या बाईला पुढे घ्या, लेन्सचं छिद्र लहान, एफ/११ ठेवून सहा फुटांवर फोकस धरा, तीन फुटांपासून डोंगरापर्यंत सगळं रेखीव येईल.'

— 'बाईला पुढे घ्या' वाचून एखादा तिला हाताला धरून पुढे आणायचा. 'बाई पुढे येईल असे उभे राहा' लिहा. जागा आपण बदलायची, वारकऱ्यानं नाही.