शेततळं: जेसीबी की पोकलेन?

नितीन: दोन्ही आकडे आले. गावातला जेसीबीवाला तासाला १२०० म्हणतो. तालुक्याचा मोठा ठेकेदार दोन पोकलेन लावून घनमीटरवर ठोक काम करतो, तीन दिवसांत मोकळं. माझं मन पोकलेनकडे.

आत्या: तळं केवढं रे?

नितीन: वरून ३० बाय ३० मीटर, खोली ३ मीटर. कडांचा उतार एकास एक, म्हणजे मीटरभर खोलीला मीटरभर आत, धरला की २१९६ घनमीटर माती निघते.

बापूकाका: मग तासावर देऊच नकोस. जेसीबीचा हात तोकडा, मधली माती दोन-तीनदा उचलून कडेला आणावी लागते. दर फेकीला मीटर पळतं आपलं.

दादा: काका, हे खरं. पण माझं ऐक नितीन. गेल्या वर्षी मी मोठाच गाठला होता. ट्रेलरवरून पोकलेन उतरली, दीड दिवस चालली आणि रस्त्याच्या कामावर निघून गेली. अकरा दिवस अर्धा खड्डा बघत बसलो. फोन केला की "साहेब साइटवर आहेत". वर बांधाची माती नुसती ओतली, थराथरानं दाबलीच नाही. पहिल्या पावसात कोपरा खचला, तळ्यात अंथरलेला ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद ताणला आणि फाटला. आमच्यासारखं एक तळं म्हणजे त्यांना चिल्लर.

वहिनी: आणि उतारावरचे टोकदार दगड मी आणि सासूबाईंनी वेचले, ते राहिलंच सांगायचं 🙄

नितीन: मग जेसीबीच?

दादा: खोदाई पोकलेनची, पण घनमीटरवर. बांध, उतार आणि कागदाची कड पुरायची वरची चर गावातल्याकडे तासावर. तो स्वतः मशीनवर बसतो, कागद फाटला तर पारावर त्याची गाठ आपल्याशीच आहे.

बापूकाका: खाली कातळ लागला तर?

नितीन: विहिरीला १२ फुटांवर लागला होता.

बापूकाका: विहीर ओढ्याकडं, तळं माळावर. आधी दोन-तीन ठिकाणी चाचणीचे खड्डे घे. कातळ फोडायच्या ब्रेकरचा दर वेगळा असतो, तो आत्ताच लिहून घे. माप खड्ड्याचं धरायचं, ट्रॉल्या मोजायच्या नाहीत. मोकळी माती फुगते.

आत्या: पोराटोरांसाठी कुंपण आधी सांगा!

नितीन: आत्या, कुंपण धरलंय. दादा, उद्या सातला माळावर ये, टेप घेऊन. जेसीबीवाल्याला खड्ड्यांसाठी एक तास सांगितलाय.

वहिनी: सातला म्हणजे नऊला. चहा पाठवते.