गोगुर्यो नेमकं कोणाचं?

भटक्या: कोरियन मालिका बघता बघता इतिहासात शिरलो आणि तिथेच अडकलो. गोगुर्यो हे राज्य परंपरेने इ.स.पू. ३७ ते इ.स. ६६८ असं धरतात. आजचा उत्तर कोरिया आणि चीनचा ईशान्य भाग, दोन्हीकडे पसरलेलं. २००२ साली चीनने 'ईशान्य प्रकल्प' काढला आणि त्यातल्या अभ्यासकांनी हे चीनचंच एक स्थानिक राज्य ठरवलं. दक्षिण कोरियात संतापाची लाट. २००४ मध्ये युनेस्कोने चीनमधल्या राजधान्या-थडगी आणि उत्तर कोरियातली थडगी एकाच बैठकीत, पण दोन वेगळ्या नोंदींनी यादीत घेतली. वाटणीपत्रच की! माझ्या मते दोघंही चूक. तिथल्या राजाला ना बीजिंग ठाऊक होतं ना सोल.

ओसरी: 'दोघंही चूक' म्हणून मोकळं होणं सोपं आहे हो. कोरियन इतिहासकार शिन चेहोने १९०८ मध्ये राजघराणी बाजूला सारून 'मिनजोक', म्हणजे एका वंशाचं राष्ट्र, यालाच इतिहासाचा नायक केलं. दोनच वर्षांत जपानने देश गिळला. वर जपानी इतिहासकार सांगत होते, कोरियाचा दक्षिण भाग चौथ्या शतकातही आमच्याच ताब्यात होता. देश गेलेल्या माणसाला राष्ट्रवाद ही चैन नसते. चीनला आणि त्याला एकाच तराजूत तोलू नका.

तिरकस: तो जपानी दावा बराचसा एका दगडावर उभा आहे, त्याबद्दल बोलू. चीनमधल्या जिआन इथे गोगुर्योच्या ग्वांगेतो राजाचा सहा मीटरहून उंच शिलास्तंभ आहे, इ.स. ४१४ चा. त्यात इ.स. ३९१ बद्दल एक वाक्य आहे: 'वा', म्हणजे जपानी बेटांवरचे लोक, आले, समुद्र ओलांडला, बेक्जेला हरवलं, मग दोन-तीन अक्षरं झिजलेली, पुढे सिल्ला, प्रजा केलं. (बेक्जे आणि सिल्ला ही दक्षिणेकडची कोरियन राज्यं.) विरामचिन्हं नाहीत. समुद्र कोणी ओलांडला? जपानी म्हणतात 'वा'ने. कोरियन अभ्यासक चोंग इनबो म्हणाले, छे, गोगुर्योच्या राजाने. शेवाळ जाळायला दगडाला शेण फासून आग लावलेली, त्यात पृष्ठभाग तडकला. मग कागदावर ठसे घेणाऱ्यांनी अक्षरं ठसठशीत उठावीत म्हणून चुना भरला. एवढं झाल्यावर कोणी छातीठोक बोलू नये.

ओसरी: जपानी लष्कराने अक्षरं बदलली, असा आरोपही १९७२ मध्ये झाला होता की.

तिरकस: झाला होता. पण चुना लागण्याआधीचे ठसे नंतर अभ्यासले गेले, आणि मुद्दाम खाडाखोड केल्याचं त्यांत दिसत नाही. आरोप कोरियनांच्या सोयीचा होता, एवढंच. शिवाय तो स्तंभ पोराने बापाच्या पराक्रमासाठी उभारलेला. शत्रू जितका मोठा तितका बाप मोठा. हा राजकवीचा मजकूर, तलाठ्याचा उतारा नव्हे.

खडूस आजोबा: ओसरीताई, १९०८ चं समजू शकतो. पण १९९३ मध्ये उत्तर कोरियाने दांगुनची हाडं सापडल्याचं जाहीर केलं, वय बरोब्बर ५०११ वर्षं! दांगुन म्हणजे अस्वलिणीच्या पोटी जन्मलेला आद्य राजा, तेराव्या शतकातल्या ग्रंथात येणारा. पुढच्याच वर्षी प्योंगयांगजवळ भलीमोठी समाधी तयार. दक्षिणेतले हौशी इतिहासकार तर चीनच्या हान साम्राज्याचं लेलांग ठाणं प्योंगयांगमध्ये नव्हतंच, पार पश्चिमेला, चीनमधल्या लिआओ नदीच्या बाजूला होतं म्हणतात. आता गंमत बघा. प्योंगयांगमधल्याच एका थडग्यात इ.स.पू. ४५ ची लाकडी पाटी निघाली. लेलांगच्या पंचवीस तालुक्यांत किती घरं, किती माणसं, सगळा हिशोब. खणली कोणी? उत्तर कोरियानेच.

ओसरी: लेलांग प्योंगयांगलाच, मान्य. कोरियन भूमीवर चारशे वर्षं चिनी ठाणं होतं, हे मान्य करायला माझी हरकत नाही. पण भटक्या, तुमचं 'दोघंही' अजून पटत नाही. एप्रिल २००४ मध्ये चीनच्या परराष्ट्र खात्याने आपल्या संकेतस्थळावर कोरियाच्या इतिहासातून गोगुर्यो गाळलं. सोलने आक्षेप घेतला. तर ऑगस्टमध्ये दुरुस्ती काय केली? १९४८ पूर्वीचा कोरियाचा अख्खा इतिहासच काढून टाकला.