अमॉर्फस कोर अनीलिंगनंतर काचेसारखा तुटतोय, मदत हवी आहे

वाइंडर_कुपवाड: अर्जंट आहे. अमॉर्फस कोरचे (अणू रांगेत नसलेल्या, काचेसारख्या रचनेच्या धातूचा गाभा) दोन ट्रान्सफॉर्मर द्यायचेत, पहिल्यांदाच करतोय. पट्टी लोखंड-सिलिकॉन-बोरॉनची, आणली तेव्हा बोटाला गुंडाळली तरी काही होत नव्हतं. नेहमीसारखं अनीलिंग (भट्टीत तापवून गार करणं) केलं आणि आता कडेला नख लावलं तरी कपच्या उडतात, वर नो-लोड लॉस (लोड नसतानाही कोरमध्ये वाया जाणारी वीज) सीआरजीओपेक्षा (कोरचं नेहमीचं सिलिकॉन स्टील) जास्त. माल खराब आला का? सप्लायरशी भांडू का?

मिरजकर: तापमान किती, किती वेळ, गॅस कुठला?

जुना_फिटर: सीआरजीओच वापरा राव. अमॉर्फस लवकर सॅच्युरेट होतं (चुंबकत्व आणखी वाढत नाही), कोर मोठा करावा लागतो, तांबं वाढतं.

भट्टीवाला: ठिसूळ झाला म्हणजे क्रिस्टल झाला (अणू रांगेत बसले), विषय संपला.

मिरजकर: असं नसतं हो. अनीलिंग बरोबर झालं तरी ही पट्टी ठिसूळ होतेच, अणू त्याच विस्कटलेल्या रचनेत जरा सरकून घट्ट बसतात. लॉस वाढलाय ते जास्त काळजीचं. एक्स-रे डिफ्रॅक्शनचा आलेख काढा, पसरट उंचवटा दिसला तर अमॉर्फस आहे, टोकदार शिखरं दिसली तर गेलं.

वाइंडर_कुपवाड: नायट्रोजन, दोन तास. तापमान नेहमीचंच, ८००.

मिरजकर: अहो ८०० सीआरजीओचं झालं! ही पट्टी ५०० च्या पुढेमागेच क्रिस्टल होते. वितळलेला धातू फिरत्या चाकावर सेकंदाला १० लाख अंशाच्या वेगाने गार करतात, अणूंना रांगेत बसायला वेळच मिळत नाही, म्हणून तर ती जेमतेम २५ मायक्रॉन जाड असते. तुम्ही त्यांना दोन तास दिलेत. आता परत वितळवल्याशिवाय ते मागे येत नाही. सप्लायरची चूक नाही.

विद्यार्थी_वालचंदनगरी: असा धातू पहिल्यांदा १९६० साली कॅलटेकमध्ये झाला, सोनं आणि सिलिकॉनचा. झिर्कोनियमवाले मिश्रधातू तर सेकंदाला एकदोन अंशाने गार केले तरी काचेसारखे अमॉर्फसच राहतात, अणूंचे आकार वेगवेगळे असल्यामुळे गर्दीत रांग लागत नाही.

भट्टीवाला: वाइंडरभाऊ, थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) भट्टीच्या भिंतीला आहे का कोरला? क्रिस्टल व्हायला लागलं की पट्टी स्वतःच उष्णता सोडते, मोठ्या कोरमध्ये आत तापमान चढत जातं.

वाइंडर_कुपवाड: भिंतीला होतं. कोरवरच बांधलं, उरलेल्या पट्टीची छोटी रिंग करून ३५० ला ठेवली. आताही वाकवली की तुटते, पण लॉस सीआरजीओच्या बराच खाली आलाय. पट्टी मात्र एका कोरपुरतीच उरली.

मिरजकर: गार होताना डीसी करंट देऊन फील्ड ठेवा, अजून उतरेल. आणि वाइंडिंग अनीलिंगनंतर करताय ना, मग कोरच्या कडांवर हात जपून.