तारा आहेत, पण ट्रान्सफॉर्मरचं काय?

'विजेच्या तारा घरोघरी आहेतच, त्यांतूनच इंटरनेट सोडा' असं काहीजण म्हणतात. ऐकायला झकास, पण घोडं अडतं ट्रान्सफॉर्मरपाशी. तो ५०-६० हर्ट्झच्या विजेसाठी बनवलेला. इंटरनेटचा सिग्नल मेगाहर्ट्झमधला, म्हणजे कितीतरी जास्त वारंवारतेचा; तो त्यातून जेमतेम पार होतो. मग त्याला वळसा घालणारं यंत्र बसवा. वस्ती विरळ असेल तर एका ट्रान्सफॉर्मरमागे घरं दोन-चारच, म्हणजे गरज जास्त तिथेच खर्च अंगावर. शिवाय उघड्या तारा अँटेनासारख्या वागतात आणि रेडिओत खरखर आणतात; हॅम रेडिओवाले (हौशी रेडिओ चालवणारे) उगाच नव्हते चिडले! अमेरिकेत मनॅसस शहराने ही सेवा देऊन पाहिली आणि २०१० मध्ये गुंडाळली. त्याच खांबांवरून फायबर ओढलेलं बरं. घरातल्या घरात मात्र हे तंत्र छान चालतं. (फक्त त्यासाठी सॉकेटमध्ये लावायचा अ‍ॅडॉप्टर स्पाइकबस्टरमध्ये खोचू नका, स्पाइकबस्टर सिग्नल गिळतो.)