डेबियनवर डायल-अप मोडेम ‘एटी’ आज्ञेला उत्तर देत नाही

प्रश्न : द्वारकाकर

नमस्कार. आमचे कार्यालय नाशिकमध्ये द्वारकेजवळ असून द्राक्षांचे शीतगृह पिंपळगाव बसवंतच्या बाजूला आहे. तेथील खोल्यांच्या तापमानाची नोंद ठेवणारे जुने यंत्र फक्त टेलिफोन लाइनवरून बोलते. कार्यालयातील संगणकाने मोडेमवरून त्याला फोन लावायचा आणि नोंदी उतरवून घ्यायच्या, अशी व्यवस्था आहे. संगणकावरील विंडोज काढून डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली घातल्यापासून हे काम अडले आहे. आतील पीसीआय कार्ड-मोडेम डेबियनवर चालत नाही, म्हणून कपाटात पडून असलेला बाहेरचा मोडेम महात्मा गांधी रस्त्यावरून आणलेल्या नव्या केबलने नऊ पिनांच्या सीरियल पोर्टला जोडला. मिनिकॉम हा सीरियल पोर्टशी बोलणारा प्रोग्रॅम उघडून ‘एटी’ ही मोडेमला हाक मारणारी आज्ञा टाइप करून एंटर दाबले, तर ‘ओके’ येणे दूरच, टाइप केलेली अक्षरेही पडद्यावर उमटत नाहीत. एररही कोणती येत नाही. आमच्या टेलिफोन लाइनमध्ये बरीच खरखर आहे. दोष तिचा असू शकेल काय?

उत्तर : सातपूरकर

लाइनचा विचार तूर्त बाजूला ठेवावा. ‘एटी’ला ‘ओके’ म्हणणे हा संगणक आणि मोडेम या दोघांमधला व्यवहार आहे; टेलिफोनची वायर काढून ठेवली तरी तो व्हायलाच हवा. मिनिकॉम स्वतःहून अक्षरे दाखवत नाही, मोडेमने परत पाठवलेली अक्षरेच आपल्याला दिसतात. त्यामुळे पडदा कोरा राहिला याचा अर्थ एकतर आपले टायपिंग मोडेमपर्यंत पोहोचत नाही किंवा त्याचे उत्तर आपल्यापर्यंत येत नाही.

एरर येत नाही, ही माहितीही उपयोगाची आहे. आपला यूजर ‘डायलआउट’ या सीरियल पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्या गटात नसता, तर पोर्ट उघडतानाच परवानगी नाकारल्याचा संदेश आला असता. पोर्ट कोणते निवडले आहे तेवढे मात्र पाहावे. विंडोजमधील कॉम-१ म्हणजे लिनक्समधील टीटीवाय-एस-०. शून्यापासून मोजणी असल्याने येथे अनेकांची गफलत होते. शिवाय ‘डेव्ह’ फोल्डरमध्ये एस-० ते एस-३ अशा चार फाइली बहुधा दिसतातच, मग संगणकाला प्रत्यक्षात एकच पोर्ट असो. ‘डीमेसेज’ ही आज्ञा कर्नलचे (लिनक्सच्या गाभ्याचे) संदेश दाखवते; त्या नोंदीत ज्या पोर्टपुढे १६५५०ए ही चिप, ३एफ८ हा पत्ता आणि आयआरक्यू ४ दिसेल, ते आपले पहिले खरे पोर्ट समजावे.

यानंतर मोडेमच्या पुढच्या बाजूच्या दिव्यांकडे पाहावे, कारण ज्या गोष्टी सॉफ्टवेअर सांगत नाही त्या हे दिवे सांगतात. एमआर (मोडेम तयार) हा दिवा वीज सुरू असताना लागलेला हवा. मिनिकॉम उघडताच टीआर (संगणक तयार) लागला आणि बंद करताच विझला, तर पोर्ट बरोबर आहे. मग एकेक कळ दाबावी आणि एसडी (संगणकाकडून माहिती येत आहे) लुकलुकतो का ते पाहावे. जे दिसेल ते येथे लिहावे.

उत्तर : नाशिकरोडवासी

आतील कार्डाबद्दल थोडेसे. ते बहुधा ज्याला विनमोडेम म्हणतात त्या प्रकारचे असावे. अशा कार्डावर टेलिफोनला जोडणारा भाग तेवढा असतो. संदेशाचे रूपांतर करण्याचे मोडेमचे खरे काम संगणकाचा प्रोसेसर ड्रायव्हरच्या मदतीने करतो. किंमत उतरवण्याची ती युक्ती होती आणि तिचा भुर्दंड लिनक्स वापरणाऱ्यांनी वर्षानुवर्षे सोसला. ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेने दिसणाऱ्या कार्डांच्या यादीत त्याचे नाव दिसेलही, परंतु ड्रायव्हरवाचून सीरियल पोर्ट तयार होत नाही. ल्युसेंट, स्मार्ट लिंक आणि कोनेक्झंट यांच्या चिपांसाठी लिनक्स ड्रायव्हर निघाले होते, पण ते जुन्या कर्नलांच्या काळातले. डेबियन १२ च्या कर्नलवर ते बसवण्याच्या खटपटीत पडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेरच्या सीरियल मोडेमला ड्रायव्हर लागतच नाही, त्यामुळे आपण योग्य वाटेवर आहात.

उत्तर : गंगापूररोडकर

सरळ सिम कार्डावर चालणारे नवे नोंदयंत्र का बसवत नाही? हंगामात असल्या जुन्या सामानावर विसंबणे मला धोक्याचे वाटते.

उत्तर : द्वारकाकर

सर्वांचे आभार. यंत्र बदलण्याचा विचार हंगामानंतर होईल. तूर्त आहे त्यावरच काम भागवणे भाग आहे. पोर्ट एस-० च आहे. एमआर सतत लागलेला असतो, मिनिकॉम उघडले की टीआरही लागतो, परंतु कितीही कळा दाबल्या तरी एसडी एकदाही लुकलुकत नाही.

उत्तर : सातपूरकर

म्हणजे अक्षरे संगणकातून बाहेरच पडत नाहीत. मिनिकॉममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल, म्हणजे तारांवरील खुणांनी माहितीचा ओघ थांबवण्या-सोडण्याची सोय, मुळातच चालू असतो. मोडेमने सीटीएस या तारेवरून ‘पाठवा’ अशी खूण केल्याशिवाय संगणक एक अक्षरही सोडत नाही. मिनिकॉम ‘-एस’ जोडून सुरू करावे, सीरियल पोर्टच्या सेटिंगमध्ये एफ दाबून हा कंट्रोल बंद करावा आणि पुन्हा ‘एटी’ टाइप करावे. ‘ओके’ आले तर संशय केबलवर. मल्टिमीटर घेऊन नऊ पिनांच्या टोकाकडील ७ क्रमांकाची पिन मोडेमच्या पंचवीस पिनांच्या टोकाकडील ४ शी आणि ८ क्रमांकाची ५ शी जोडलेली आहे का, ते तपासावे. बाजारात केबल म्हणून काहीही विकले जाते. दोन्ही टोकांचे जोड तेच असतात, आत तारा किती आहेत हे कोण पाहतो!

उत्तर : द्वारकाकर

फ्लो कंट्रोल बंद करताच ‘ओके’ आले. मल्टिमीटरने पाहिले, तर ७ आणि ८ या दोन्ही पिनांना तारच नाही; २, ३, ४, ५ आणि ६ एवढ्याच जोडलेल्या आहेत. आता एक नवीनच गोष्ट पुढे आली आहे. नंबर लावायला सांगितला की मोडेम ‘नो डायलटोन’ म्हणतो, पण त्याच लाइनवर साधा फोन लावला तर टोन स्वच्छ ऐकू येतो, खरखर धरूनसुद्धा.

उत्तर : नाशिकरोडवासी

हा अमेरिकेसाठी बनवलेला मोडेम दिसतो. तिकडचा डायल टोन ३५० आणि ४४० हर्ट्झ या दोन सुरांचा असतो, तर आपल्याकडचा ४०० हर्ट्झचा, २५ हर्ट्झने कंपित केलेला. काही मोडेमांना तो ओळखता येत नाही. ‘एटीएक्स३’ दिले की मोडेम टोनची वाट न पाहता नंबर लावतो. तीच आज्ञा ‘अँड-डब्ल्यू’ जोडून दिली, तर सेटिंग मोडेमच्या मेमरीत साठवले जाते आणि दर वेळी टाइप करावे लागत नाही.

उत्तर : सातपूरकर

एक्स३ ने नंबर लागेल. तरीही केबल बदलावीच, कारण फ्लो कंट्रोल नसताना पोर्टचा वेग मोडेमच्या प्रत्यक्ष वेगापेक्षा जास्त असला, तर मोडेमकडे पाठवलेली माहिती मध्येच गळते. नवी केबल येईपर्यंत पोर्टचा वेग ९६०० वर ठेवावा. तापमानाच्या नोंदींना एवढा वेग पुरेसा आहे. नवी केबल घेताना १ क्रमांकाची पिनही (फोन जोडलेला आहे की तुटला हे सांगणारी) जोडलेली आहे ना, ते दुकानातच मल्टिमीटर लावून पाहावे. ती नसेल तर पलीकडच्या यंत्राने फोन ठेवला तरी इकडच्या प्रोग्रॅमला त्या तारेवरून ते कळत नाही.