ताप उतरला म्हणून निर्धास्त झालो... मुलांच्या डेंग्यूचे कोकणातले अनुभव

खाडीकाठ (रत्नागिरी)

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी माझ्या सात वर्षांच्या लेकीला ताप भरला. १०३. सर्दी नाही, खोकला नाही, नुसतं "डोळ्यांच्या मागे दुखतंय". घरात बारा माणसं, मुंबईकर परतीच्या गाडीच्या गडबडीत. सगळ्यांचं एकच मत: दमलीये, आरत्यांना जागरणं झालीत. तिसऱ्या दिवशी रक्त तपासलं, डेंग्यूची एनएस-१ चाचणी पॉझिटिव्ह.

पाचव्या दिवशी पहाटे अंग गार लागलं. देवापुढे दिवा लावला आणि कामावर गेले. दुपारी आईचा फोन: पोर पोट धरून कण्हतेय, तीनदा उलटी झाली, सकाळपासून शू केलेली नाही. डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "ताप कधी उतरला?" मी आनंदाने म्हटलं, आज पहाटे. ते म्हणाले, "मग आता खरी काळजी घ्यायची."

या आजारात ताप उतरायच्या सुमाराला रक्तवाहिन्यांतून पाणी पाझरायला लागतं आणि रक्त घट्ट होतं. धोक्याचे दिवस ते, एक-दोनच असतात, पण त्यातच पोर हातची जाऊ शकते. मी प्लेटलेट ४२ हजारांवर आल्या म्हणून रडत होते आणि डॉक्टरांचं लक्ष दुसऱ्याच आकड्यावर. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या लाल पेशींचं शेकडा प्रमाण, ३५ वरून ४३ वर गेलं होतं; रक्त घट्ट झाल्याची ती खूण. सलाईन मोजून मोजून, दर काही तासांनी पुन्हा रक्त. तीन रात्री काढल्या. आता बरी आहे.

हे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून हा धागा. ज्यांच्या घरी मुलांना झालाय त्यांनी लिहा, काय चुकलं तेही लिहा. औषधं सुचवू नका, तो डॉक्टरांचा प्रांत.

पागोळी (चिपळूण)

चुकलेलंच सांगतो. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर महिनाभराने मुलाला ताप आला. तो चिखलात आमच्याबरोबर राबला होता, त्यामुळे शेजारीपाजारी सगळे म्हणाले लेप्टो, पुराच्या पाण्या-चिखलातून होतो तो ताप. मीही तेच धरून बसलो. घरात मागच्या आजारपणातली आयबुप्रोफेनची बाटली होती, ताप झटकन उतरतो म्हणून दोनदा पाजली. डॉक्टरांनी मला सगळ्यांसमोर झापलं, आणि बरोबरच झापलं. डेंग्यूत त्याने आणि ॲस्पिरिनने रक्तस्राव वाढायची भीती. ताप उतरवायला फक्त पॅरासिटामॉल, तेही मुलाच्या वजनाप्रमाणे. दोन्ही तपासण्या केल्या. लेप्टो नव्हताच.

डास कुठले म्हणाल, तर पुराचं पाणी आमच्याकडचं सगळं धुऊन घेऊन गेलं होतं. डास झाले ते नंतर. बिघडलेला फ्रिज, फुटक्या बादल्या, वाकडी पातेली असं सगळं परसात ढीग करून ठेवलेलं, "पंचनामा झाल्यावर टाकू" म्हणून. त्यावर महिनाभर पाऊस पडला.

रातांबा (कुडाळ)

आमची गोष्ट थोडी हसण्यासारखी आहे, तेव्हा मात्र हसू आलं नव्हतं. झील नऊ वर्षांचा. किटवर डेंग्यू निघाला, प्रकृती ठीक, घरीच ठेवा आणि पाणी पाजत राहा म्हणाले. सासूबाईंचं सुरू, "गो बाय, कोकमाचा सरबत दी, थंड पडात." दिलं. दोन पेले. रात्री दोन वाजता भडाभडा उलटी, पूर्ण लाल. नवऱ्याने तशीच गाडी काढली. आमच्याकडे मोठं आजारपण म्हटलं की बांबोळी (गोव्याचं मोठं सरकारी इस्पितळ) नाहीतर कोल्हापूर, मी मनातल्या मनात बांबोळीला पोचलेसुद्धा.

तालुक्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं, वास घेतला आणि म्हणाल्या, "हे कोकम आहे." मग नीट समजावलं. या आजारात लाल, काळं, तपकिरी काही पाजायचं नाही. कोकम नको, बीट नको, चॉकलेटही नको. उलटीत खरंच रक्त आलं तर ओळखणार कसं? शहाळं, ओआरएस, पेज, ताक चालेल. कोकमाला माझी ना नाही, आमचं ते सोनं आहे, पण ते आठ दिवस बरणीतच राहू दे.

वाडीवस्ती (गुहागर तालुका)

मी आरोग्याचं काम करते, घरोघर फिरते. दारात उभी राहिले की ठरलेलं वाक्य, "आमच्याकडे गटार नाही, घाण नाही, पाणी एकदम स्वच्छ." अहो, त्याला स्वच्छच लागतं! डेंग्यूचा डास, एडिस, गटारात सहसा जात नाही. त्याला तुमचं झाकण नसलेलं पिंप पुरतं.

बॅटरी मारून दाखवते तेव्हा लोकांना पटतं. पागोळीखालचं पिंप, तुळशीजवळची दोणी, कुंडीखालची ताटली, फ्रिजमागचा ट्रे. नारळाच्या करवंट्या. पोफळीच्या वाडीत पडलेल्या पोया (झाडावरून गळणारी खोलगट आवरणं) तर विचारू नका, एकेका पोयीत वाटीभर पाणी आणि त्यात वळवळ. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस. नुसतं पाणी ओतून भागत नाही. अंडी कडेला चिकटलेली असतात, ती सुकी राहूनही महिनोनमहिने टिकतात. काथ्याने घासायचं. मोठ्या हौदात गप्पी मासे. पिंपाला जुनं लुगडं घट्ट बांधलं तरी चालतं.

हे फक्त पावसाळ्याचं आहे असंही नाही. मे महिन्यात विहिरी आटतात, टँकर येतो आणि घराघरात पिंपं भरून ठेवतात. तेव्हाही अळ्या सापडतात.

अजून एक, लोकांना माहीत नसतं म्हणून. खाजगीत झटपट किटवर पॉझिटिव्ह आलेलं मूल आमच्या कागदावर "संशयित" असतं. पक्कं धरतात ते प्रयोगशाळेतली एलायझा तपासणी झाल्यावर. म्हणून वाडीत चार पोरं आजारी असतात आणि यादीत एक. ताप कळवा, नाहीतर आम्ही तुमच्या वाडीत येणारच उशिरा.

बंदरकर (हर्णै)

पोया वाचून आठवलं. आमच्याकडे दोन्ही मुलं आणि भावाची मुलगी, एका आठवड्यात तिघं. घर धुंडाळलं, काही नाही. मग लक्षात आलं, पोरं दिवसभर असतात कुठे? जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या वर ओढलेल्या. त्यांवर ताडपत्री, ताडपत्रीच्या खळग्यात पाणी, बाजूला बांधलेल्या टायरांत पाणी. सुट्टीच्या दिवशी सगळी पोरं होडीत चढून खेळतात, हाफ पँटीत. आणि हा डास चावतो दिवसा, सकाळी आणि दुपार कलल्यावर जास्त. आम्ही आपले तिन्हीसांजेला दारं लावून धूप घालतोय!

आता टायरांना खालून भोकं पाडलीत. एवढंच केलं.

परसदार (अलिबाग)

पपईच्या पानांच्या रसाबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? आमच्याकडे शेजारच्या काकींनी वाटीभर आणून दिला. मुलगी आधीच ओकत होती, त्या कडू रसाने उरलंसुरलं पाणीही बाहेर आलं. प्लेटलेट वाढल्या, पण त्या तशाही आठवड्याभरात वर येतातच. काकींना मात्र श्रेय हवंय.

माझी खरी धास्ती वेगळी आहे. तिला हा दुसऱ्यांदा झाला. डेंग्यूचे चार प्रकार. एकदा झाला की त्या प्रकारापुरतं संरक्षण मिळतं, आणि पुढे दुसऱ्या प्रकाराचा झाला तर आजार जास्त जड जाऊ शकतो. "एकदा झालाय ना, आता नाही होत" हे शाळेच्या फाटकाशी किती जणींकडून ऐकलं. त्याच शाळेच्या गच्चीवरच्या टाकीला झाकण नव्हतं. तीन अर्ज दिल्यावर बसलं.

खाडीकाठ (रत्नागिरी)

काल लेकीचे तळहात-तळपाय लाल होऊन रात्रभर खाजले. पुन्हा धावत गेले. बरं होतानाची खाज म्हणे, दोन दिवसांत जाते. परतताना डॉक्टर म्हणाले, "यावेळी वेळेत आलात." टोमणा होता की कौतुक, देव जाणे.

घाटमाथा (मंडणगड)

धागा आत्ताच वाचला. मुलगा सहा वर्षांचा, चौथा दिवस, दुपारी ताप उतरला. झोपून आहे. झोपू द्यावं ना?

खाडीकाठ (रत्नागिरी)

शू कधी केली? हाक मारल्यावर नीट बोलतो का? पोट दुखतंय का?

घाटमाथा (मंडणगड)

सकाळी आठनंतर नाही. बोलतो, पण चिडचिडतोय. पोटाला हात लावू देत नाही.

खाडीकाठ (रत्नागिरी)

इथे लिहीत बसू नका. निघा. आधीचे सगळे रिपोर्ट बरोबर घ्या, पहिल्या दिवशीचा रक्ताचा कागदसुद्धा, त्याच्याशीच ताडून बघतात.

घाटमाथा (मंडणगड)

दापोलीला पोचलो. दाखल केलंय, सलाईन लावलं. रात्री बाराला पुन्हा रक्त घेणार आहेत. थोडी शू झाली. साहेबांना आता शहाळं हवंय. दारात नऊ माड असलेल्या माणसाने रात्री साडेदहाला दापोलीत शहाळं कुठून आणावं, कुणी सांगेल का?